हाताने बदलू नका

चहा चांगला झाला की लोक "चहा चांगला झालाय" बोलतात आणि पितात. सरांचं तसं नव्हतं. पहिला घोट घेतला की कप खाली ठेवायचे, चष्म्यातून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कोणी केला?"

मी एकदा बोललो, "मीच."

सरांनी अजून एक घोट घेतला. "नाही मालक. आलं ठेचलेलं आहे. तुम्ही किसता. वहिनींना सांगा, चांगला झालाय."

समोर सगळी पोरं बसलेली. सगळी हसली. मी पण हसलो, दुसरं काय करणार. बायकोच्या कामावर आयुष्यात पहिल्यांदा नाव लावायला गेलो आणि आल्यात पकडलो गेलो.

आता 'मालक' ऐकून तुम्हाला वाटेल मी कोण मोठा. गास गावात आमचं घर आहे. मागे केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे, भावाभावांत वाटून उरली तेवढी. घरावर मी एक मजला चढवला, भाड्याने द्यायला. तो सरांच्या कंपनीने ऑफिसला घेतला. पोरं आल्या आल्या बोलली, "काका, इथं जवळ चहा कुठं भेटतो?" मी बोललो, "मी आणतो." तिथंच फसलो. सगळ्या वसई तालुक्यात भाडेकरूला ट्रेमधून चहा नेऊन देणारा घरमालक मी एकटाच असेन. शाळा माझी सातवीत सुटली. सुटली म्हणजे, मास्तर सुटले माझ्यातून.

सर मनवेलपाड्याला राहायचे, एकटेच. तिथून जुन्या स्कूटरवर यायचे. पन्नाशीचा हडकुळा माणूस, हाफ शर्ट, पायात चामड्याची चप्पल. ती चप्पल कोणी शिवली ते पण त्यांना माहीत, आणि तुम्ही नाय विचारलंत तरी सांगणार. स्कूटर पहिल्या किकला चालू झाली की मेकॅनिकचं नाव घ्यायचे, लोक देवाचं घेतात तसं.

हातात वस्तू आली की उलटी करून बघायची सवय. आमच्याकडे एकदा जेवायला बोलावलं. बसले, आणि ताट उलटं केलं. नशीब, वाढायच्या आधी. ताटाखाली नाव घातलेलं होतं आमच्या शेजाऱ्याचं. कुठल्या तरी लग्नात आमच्याकडे आलेलं आणि परत द्यायचं राहून गेलेलं. सर बोलले, "मालक, हे तुमचं नाही." त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ताट धुऊन शेजाऱ्याकडे नेऊन दिलं. शेजारी बोलला, "अरे, हे तुझ्याकडे होतं? आम्ही त्याच्यावरून आमच्या मोलकरणीला काढली." आता सांगा, ताट परत देऊन मी काय कमावलं.

लग्न का नाय केलं, ते पण त्यांनी सरळ सांगितलं. मुलगी बघायला गेले होते. पोहे आले. सर बोलले, पोहे छान झालेत. मुलीची आई बोलली, मुलीनेच केलेत. सरांनी मुलीकडे बघून विचारलं, "खरंच?" मुलगी खरं बोलणारी निघाली, बोलली, "मावशीने केले." सर उठून आत गेले आणि मावशीला सांगून आले, पोहे छान झालेत. लग्न तिथंच मोडलं.

"मुलगी चांगली होती, मालक," सर बोलले. "खरं बोलली."

"मग तुम्ही परत नाय गेलात?"

"तिच्या वडिलांनी दार लावून घेतलं."

माझी आई गेली तेव्हा तेराव्याला सर आले होते. जेवले, आत जाऊन रांधणाऱ्या बायकांना नावं विचारून आले, मग वाडीत माझ्याबरोबर उभे राहिले. मोगऱ्याची ओळ दाखवून बोलले, "ही कोणी लावली?" मी बोललो, आमचीच आहे. "ते माहीत आहे. लावली कोणी?" मला माहीत नव्हतं. आयुष्यभर तिथली फुलं तोडून विकली, आणि कोणी लावली ते माहीत नाय. घरात जाऊन मोठ्या बहिणीला विचारलं. ती बोलली, "आईने. तू पोटात होतास तेव्हा." मी परत वाडीत आलो तोपर्यंत सर निघून गेले होते. ते बरं झालं, कारण तेरा दिवस मी कोरडा होतो, तेव्हा नाय राहिलो.

आता ऑफिसात वर काय चालायचं ते सांगतो. मला कळलं तेवढं सांगतो, म्हणजे लवकर संपेल.

लांब कुठंतरी कॉम्प्युटरचे मोठे मोठे गाळे असतात. कंपन्या स्वतःचे कॉम्प्युटर घेत नाहीत, गाळेवाल्याकडून भाड्याने घेतात. त्याला क्लाउड बोलतात. भाड्याने घेणारा फक्त लिहून ठेवतो, मला एवढी जागा पायजे, असला एक डेटाबेस पायजे. मग एक प्रोग्राम असतो, कंट्रोलर. तो दिवसभर एकच काम करतो. पायजे काय ते बघतो, आहे काय ते बघतो. कमी असलं तर आणतो, नको असलेलं काढून टाकतो, परत बघतो.

मी बोललो, "म्हणजे माझी बायको."

"कशी?"

"फडताळात काय पायजे ते तिच्या डोक्यात असतं. काय आहे ते बघते. कमी असलं की मला दुकानात पाठवते. मी जिऱ्याच्या जागी बडीशेप आणतो. ती बघते, परत पाठवते."

पोरं हसली. सर नाय हसले. विचार करून बोलले, "बरोबर आहे. आणि तुम्ही चुकलात म्हणून ती थांबत नाही. चांगला कंट्रोलर असाच पाहिजे." माझ्या संसाराला कोणीतरी चांगलं बोललं असं हे पहिल्यांदाच.

तर गाळेवाल्याकडे शेकडो वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला वेगळा कंट्रोलर लागतो. ते कंट्रोलर आमच्या वरच्या मजल्यावर सहा पोरं हाताने लिहायची. त्यातली दोघं माझ्या जास्त जवळची. एक दर्शना, अर्नाळ्याची, कोळ्यांची पोरगी. आई बोंबील सुकवून विकायची. आली की जिन्याखालूनच ओरडायची, "काका, पानी!" दुसरा निलेश, मनवेलपाड्याचा, चाळीत राहायचा. त्याच्या बापाची किडनी गेलेली. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. ते सगळं निलेशच्या कंपनीच्या विम्यावर चालायचं. त्यामुळे निलेश ऑफिसात असा बसायचा, जशी खुर्ची आत्ता कोणी काढून घेणार.

सर त्या पोरांना एकच गोष्ट शिकवायचे. कोणाचं बघून लिहिलंत तर त्याचं नाव लिहा. एकाने दुसऱ्याच्या चार ओळी उचलल्या तर सर दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत. दर्शना बोलायची, "सर, चोरी नाय ती, उसनं आहे." सर बोलायचे, "उसनं आणलं की ज्याच्याकडून आणलं त्याला माहीत असतं." हे ऐकून मी ट्रे घेऊन खाली गेलो. ताटाचा विषय परत निघेल असं वाटलं.

एके दिवशी कप उचलायला वर गेलो तर सर स्क्रीनवर वरच्या साहेबांशी बोलत होते. साहेब कंपनीचे, लांब कुठल्या तरी शहरात बसायचे. रागावलेले नव्हते, हसत बोलत होते. असं हसून बोलणारा माणूस मला पहिल्यापासून घाबरवतो. बोलले, दुसरीकडची टीम तुमच्या दुप्पट वेगाने करते. तुम्हाला नाय जमलं तर सगळं काम तिकडे देऊ. सर बोलले, "जमेल." पोरांना त्यातलं काय सांगितलं नाय.

त्याच्यानंतर काम भराभर जायला लागलं. पोरं तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच, पण काम दुप्पट. आणि अजून एक गोष्ट झाली, ती फक्त मला कळली. सरांनी चहा कोणी केला ते विचारायचं सोडलं.

बायको बोलायची, "आज काय बोलले?"

"काय नाय."

"आवडला नसेल."

"पूर्ण प्यायले."

"मग आजारी असतील," ती बोलली.

मग साहेब स्वतः बघायला आले. गाडी आमच्या गल्लीत अडकली, ती मागे घेताना माझी कुंडी फोडली, आणि मीच त्यांना सॉरी बोललो. वर नेऊन त्यांच्यासमोर बशीत सुकेळी ठेवली. आमच्या भागातली वाळवलेली केळी, पाहुण्याला देतात. मी बोललो, "घरची आहेत साहेब, आपल्याच वाडीतली."

आगाशीवरून विकत आणलेली. आमच्याकडे सुकेळी करता येणारं माणूस म्हणजे एकटी आईच होती. बोलून गेलो आणि मान खाली घालून उभा राहिलो. आता सर बोलणार, 'नाही मालक.'

सर काय बोलले नाय. एक सुकेळं उचललं, खाल्लं, खिडकीतून बाहेर बघत बसले.

साहेबांनी विचारलं, "इतना जल्दी कैसे हो गया? पहले तो महीना लगता था."

सर बोलले, "पोरांनी केलं."

त्यांचे कान लाल झाले. साहेबांना वाटलं उन्हाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं जेवायला खाली वाडीत बसली होती. मी वर गेलो. "सर, काल मी खोटं बोललो. तुम्ही पकडलं नाय. तब्येत बरी ना?"

सरांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग बोलले, "मालक, तुम्हाला एक सांगतो. तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगतो."

"बिनधास्त सांगा," मी बोललो. त्या बाबतीत माझ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवावा.

त्यांनी एक बटण दाबलं. स्क्रीनवर ओळी सुटल्या, वारूळ फुटल्यावर मुंग्या सुटतात तशा. मला वाटलं बिघडलं कायतरी.

"गाळेवाला आपल्या प्रत्येक वस्तूचं पूर्ण वर्णन देतो," सर बोलले. "मी एक यंत्र केलंय. ते वर्णन वाचतं आणि कंट्रोलर लिहून टाकतं."

"यंत्र कुठंय?"

"हेच. हा पण प्रोग्रामच."

"आणि हे आता आलं ते?"

"दर्शनाचं पुढच्या महिन्याचं काम."

"आणि हे खालचं?"

"निलेशचं."

"मग ती दोघं काय करतात?"

"तेच. हाताने." सरांनी चष्मा काढून पुसला. "यंत्र लावलं नाही तर काम दुसरीकडे जातं. यंत्र आहे हे कंपनीला कळलं, तर या पोरांची गरजच उरत नाही. म्हणून पाठवतो यंत्राचं आणि नाव लावतो पोरांचं. त्यांना वाटतं मी फक्त साफसूफ करतो."

मग त्यांनी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ यंत्र स्वतः लिहितं. 'हे यंत्राने लिहिलं आहे, हाताने बदलू नका.'"

"का नाय बदलायचं?"

"गाळेवाल्याने वर्णन बदललं की यंत्र पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहितं. मधे कोणी हाताने काही लिहिलेलं असलं तर ते जातं. म्हणून ही ओळ सगळीकडे असते. आमच्या धंद्यात ही ओळ कोणी पुसत नाही."

आणि त्यांनी ती पुसली. तिच्या जागी दर्शनाचं नाव लिहिलं.

मला वाटलं वातावरण हलकं करावं. बोललो, "सर, माझ्या जागी यंत्र कधी येणार?"

"तुमचं काम काय?"

"चहा."

"तो वहिनी करतात."

तेवढंच त्या दिवशी हसले. मग खाली आले आणि अंगणातल्या नळावर साबण लावून हात धुतले. जेवले पण नव्हते. पुढे रोज दुपारी त्यांना तिथं हात धुताना बघायचो. नळ माझा, साबण माझा, आणि मला विचारायचं धाडस नाय.

मग डेटाबेसचा कंट्रोलर आला. सगळ्यात अवघड, कंपनीत कोणाला जमत नव्हता. निलेशकडे दिलेला, आणि निलेश अर्ध्यात अडकलेला. तारीख आली तेव्हा सरांनी यंत्राचा पाठवला, निलेशच्या नावाने. साहेबांनी स्क्रीनवर सगळ्यांसमोर निलेशचं कौतुक केलं. टाळ्या वाजवल्या. निलेशने तिथूनच बापाला फोन लावला. फोनमधून म्हातारा एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला जिन्यात ऐकू आलं. "तू केलंस? एकट्याने? थांब, चाळीत सांगतो." त्याने खरंच सगळ्या चाळीत पेढे वाटले. पथ्यामुळे स्वतः एक पण खाल्ला नाय.

निलेश जिन्यात माझ्याजवळ आला. "काका, माझं अर्धंच झालेलं. बाकीचं सरांनी केलं असणार आणि नाव माझं ठेवलं. देवमाणूस आहे."

माझ्या पोटात काय राहत नाय असं सगळं गाव बोलतं. तेव्हा राहिलं.

पण निलेशला ते कौतुक पचलं नाय. बसला त्या कंट्रोलरसमोर, बापाने वाटलेल्या पेढ्यांएवढं तरी काम करायचं म्हणून. आणि त्याला त्यात खोट सापडली. कंट्रोलर काय बिघडलेलं नसताना दुरुस्त करत बसायचा. निलेशने मला माझ्या भाषेत सांगितलं. "काकींनी सांगितलं पोहे, साखर, चहा आणा. तुम्ही आणलं चहा, पोहे, साखर. सगळं बरोबर, फक्त क्रम वेगळा. पण काकी बोलल्या चुकीचं आहे, परत जा. असं दिवसभर." मी बोललो, "यात खोट काय? आमच्याकडे असंच चालतं." पण त्याने ते हाताने नीट केलं, मधे आपल्या ओळी घालून. सर त्या वेळी तापाने घरी होते. निलेशने कोणाला न विचारता पाठवून दिलं.

"काका," तो बोलला, "हे मात्र माझं." त्याचा चेहरा टाळ्यांच्या वेळी नव्हता एवढा फुललेला.

वरची ओळ असती तर त्याने हात लावला नसता. ओळ सरांनी पुसलेली.

थोड्या दिवसांनी गाळेवाल्याने वर्णन बदललं. सरांनी यंत्र चालवलं, वरची ओळ पुसली, निलेशचं नाव लावलं, पाठवलं. मधे निलेशने काय लिहिलंय ते त्यांना माहीतच नव्हतं. ते सगळं गेलं. आणि कंपनीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे तो कंट्रोलर नसलेली चूक सकाळपासून दुरुस्त करत बसला. गिऱ्हाइकाचा सगळा धंदा ठप्प.

मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा साहेब स्क्रीनवर होते. आज हसत नव्हते.

"किसका है ये? निलेश, नाम तेरा है."

"सर, मी ते फिक्स केलं होतं," निलेश बोलला. बोटाने स्क्रीन वर-खाली करत होता. "इथं माझ्या लाइन्स होत्या. कुठं गेल्या? मी टाकलेल्या, आईशप्पथ."

"लाइन्स अपने आप जाती हैं क्या? आज ही पेपर डाल दे तू, रिझाइन कर."

दर्शना निलेशकडे बघत होती, मग तिने मान वळवून सरांकडे बघितलं. तिला कायतरी वेगळंच दिसलं असणार. पोरगी नजरेने चाणाक्ष. हळू आवाजात बोलली, "सर, कोणी केलं हे?"

सर गप्प बसले असते तर एकटा निलेश गेला असता. बाकीची पाच जणं राहिली असती, सर राहिले असते, ऑफिस राहिलं असतं. मला हिशोब येत नाय, पण एवढा येतो. सरांना तर माझ्याआधी आला असणार.

सर उभे राहिले. वर्गात मास्तरांनी नाव घेतल्यावर पोर उभं राहतं तसे.

"यंत्राने केलं. मी बनवलेल्या यंत्राने. निलेशने चूक शोधली होती आणि दुरुस्त केली होती. यंत्राने त्याचं पुसलं. हाताने बदलू नका अशी ओळ वर असते. ती मी पुसत होतो. सगळ्यांच्या कामावरची. निलेशची चूक नाही."

मी आयुष्यात बरेच लोक रागावताना बघितलेत, बहुतेक माझ्यावरच. पण राग गेला आणि त्याच जागी आनंद आला, असं पहिल्यांदा बघितलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. निलेशचं नाव विसरले. गिऱ्हाईक विसरले.

"मशीन? सारे मशीन ने लिखे? दिखाओ."

सरांनी दाखवलं. मी हातात ट्रे घेऊन उभा. चहा कोणी घेतला नाय.

ऑफिस बंद व्हायला वेळ लागला नाय. सहाही पोरांना कामावरून काढल्याचे कागद आले. यंत्र कंपनीने घेतलं, ते कंपनीचंच होतं असं बोलले. सरांना बंगळूरला बोलावलं, मोठ्या पगारावर. सर गेले नाय. नोकरी सोडली. मला वाटलं, पोरं त्यांना डोक्यावर घेतील, केवढं मोठं मन. माझी अक्कल तेवढीच.

शेवटच्या दिवशी निलेश जिन्यात उभा होता. सर पिशवी घेऊन उतरत होते.

"तुम्ही मला वाचवलं, असं वाटतं ना तुम्हाला?" निलेश बोलला.

"तुझ्या नावावर ते गेलं असतं तर पुढे तुला कोणी घेतलं नसतं."

"आता कोण घेतंय? सगळीकडे हेच बोलतात, हे काम आता यंत्र करतं. मला एकट्याला जाऊ दिलं असतं तर पाच घरं तरी चालली असती. बाबांचा विमा गेला, सर. तुमच्या खरेपणावर डायलिसिस होत नाय."

सर एका पायरीवर थांबले. कायतरी बोलतील म्हणून मी पण थांबलो. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि उतरून गेले.

दर्शना जाताना माझ्या बायकोला मिठी मारून गेली. मला बोलली, "विचारलं मीच ना काका. नसतं विचारलं तर?" मी बोललो, "तू नसतं विचारलंस तर मी विचारलं असतं." तिला माहीत होतं मी नसतं विचारलं. तरी हसली. आता अर्नाळ्याला लहान पोरांना कॉम्प्युटर शिकवते.

माझ्या वरच्या मजल्यावर आता शिवणक्लास आहे. त्या बायका चहा घरून थर्मासमधून आणतात. म्हणजे माझी पण नोकरी गेली.

मधे मी मनवेलपाड्याला गेलो होतो, निलेशच्या बापाला बघायला. केळ्यांची फणी घेतली बरोबर. बायको बोलली, "किडनीवाल्याला केळी चालत नाहीत." ते मला चाळीच्या दारात पोचल्यावर आठवलं. खाली सरांची स्कूटर उभी होती.

वर खोलीत म्हातारा खाटेवर बसलेला, एकदम वाळलेला. निलेश ऑफिसला निघाल्यासारखा तयार, पाठीला लॅपटॉपची बॅग. बॅगेत लॅपटॉप नसतो. तो आता घरोघरी पार्सल पोचवतो, बापाला ते सांगितलेलं नाय. सर दाराजवळ उभे. शेजारीण कानात बोलली, दर वेळी हेच घेऊन जातात म्हाताऱ्याला ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरला, तिथं बसून राहतात आणि परत आणून सोडतात. निलेशने म्हाताऱ्याची पिशवी सरांच्या हातात दिली. दिली म्हणजे, त्यांच्याकडे न बघता पुढे केली.

"याला रजा भेटत नाय, त्याचा तुम्हाला त्रास, साहेब," म्हातारा बोलला.

"त्रास नाही."

"काम लय असेल."

"आहे."

म्हाताऱ्याला चप्पल सापडत नव्हती. सर खाली वाकले, चप्पल त्याच्या पायात घालायला लागले.

"ते मोठं काम, ज्याचे मी पेढे वाटले," म्हातारा वरून बोलला. "चालू आहे ना अजून?"

"चालू आहे."

"सगळं यानेच केलं ना ते? हा घरात काय बोलत नाय. मी विचारलं की बाहेर निघून जातो."

निलेश उंबऱ्यात थांबला होता. बॅगेचा पट्टा घट्ट धरलेला. मी हातात केळी घेऊन उभा, आणि वेळेला एक पण विनोद सुचेना. सरांनी चप्पलचा अंगठा नीट बसवला. मान वर केली नाय. कान लाल झाले होते.

"यानेच केलं," सर बोलले.

म्हातारा खूश होऊन हसला. सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांच्या आधाराने जिना उतरायला लागला. अर्ध्या जिन्यात त्याने परत तेच विचारलं, खालच्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं, मोठ्याने. सरांनी परत तेच सांगितलं, तेवढंच मोठ्याने.